विहिरीपासून वावरापर्यंत: पाइपलाइन टाकण्याआधी शिकायचं पाण्याचं गणित

पाइपलाइन टाकायचं ठरलं की दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो "किती एचपीची मोटर बसवू?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. त्याआधी पाणी किती हवं, ते किती उंच चढवायचं, किती लांब न्यायचं आणि कुठल्या पाइपातून न्यायचं, ही चार उत्तरं हातात असली की एचपीचा आकडा आपोआप निघतो. उलट्या क्रमाने गेलं की मोठी मोटर बारीक पाइपाला जोडली जाते आणि तिची निम्म्याहून जास्त ताकद पाइपाच्या आतल्या घर्षणातच खर्ची पडते. हे मी इतक्या वावरांत पाहिलंय की नव्या माणसाला सगळ्यात आधी तेच सांगावंसं वाटतं.

पाणी कसं वाहतं याचं शास्त्र पुस्तकात अवघड दिसतं, पण शेताच्या पाइपलाइनपुरतं ते शाळेतल्या गणितात बसतं. बीजगणित विसरला असाल तरी चालेल. २०० लिटरचा एक ड्रम, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, मोजपट्टी, गवंड्याची पाण्याची लेव्हल आणि एक प्रेशर गेज एवढं सामान जमवा.

पायरी १: पाणी किती हवं, आणि विहीर किती देते

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर पाच सेंटिमीटर पाणी द्यायचं तर दोन लाख लिटर लागतात. सेकंदाला ५ लिटर पाणी पडत असेल तर तासाला १८,००० लिटर होतात, म्हणजे त्या एकराला सव्वाअकरा तास. तुमच्याकडे थ्री फेज लाइट आठ तास असेल तर एक एकर दीड दिवसाचं काम झालं. आधी हा हिशेब आपल्या पिकाचा आणि आपल्या लाइटच्या वेळापत्रकाचा करून बघा. या लेखात मी सगळीकडे ५ लिटर प्रतिसेकंद हाच आकडा धरणार आहे. तुमचा वेगळा असेल तर रीत तीच राहते.

आता विहिरीकडे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. झरे बंद आहेत असं धरलं तर ५ लिटरच्या उपशाने ही पातळी तासाला सुमारे ६४ सेंटिमीटर उतरायला हवी. प्रत्यक्षात ती ४० सेंटिमीटरच उतरली, तर उरलेल्या २४ सेंटिमीटरचं पाणी झऱ्यांनी भरून काढलं. दोरीला खडू लावून तास-दोन तास पातळी मोजा. ही मोजणी एप्रिल-मेमध्ये करा. ऑक्टोबरमधली भरलेली विहीर बघून पंप घेणाऱ्याची उन्हाळ्यात फसगत होते.

आधीचा पंप चालू असेल तर त्याचा डिस्चार्ज, म्हणजे सेकंदाला पडणारं पाणी, ड्रमने मोजा. २०० लिटरचा ड्रम ४० सेकंदांत भरला तर ५ लिटर प्रतिसेकंद. सुरुवातीचं गढूळ, हवा मिसळलेलं पाणी जाऊ द्या आणि तीनदा मोजून सरासरी घ्या.

ड्रम न्यायची सोय नसेल तर पाण्याच्या धारेवरूनही मोजता येतं, आणि ही युक्ती मला फार आवडते. पाइपाचं तोंड आडवं, लेव्हलमध्ये धरा आणि तो पूर्ण भरून वाहतोय याची खात्री करा. सुताराचा गुण्या घ्या. त्याची आडवी बाजू धारेच्या वरच्या अंगाला टेकवा, उभी बाजू ३० सेंटिमीटर खाली येऊ द्या आणि तिचं खालचं टोक धारेच्या वरच्या पृष्ठभागाला टेकेपर्यंत गुण्या पुढे सरकवा. तोंडापासून तिथपर्यंतचं आडवं अंतर मोजा. कुठलीही वस्तू ३० सेंटिमीटर पडायला पाव सेकंद घेते, पाणीही तेवढाच घेतं. म्हणून दर २५ सेंटिमीटर अंतरामागे वेग सेकंदाला एक मीटर. अंतर ३२ सेंटिमीटर भरलं तर वेग १.३ मीटर. अडीच इंची पाइपात, ज्याचा आतला व्यास साधारण ७० मिलिमीटर असतो, एक मीटर वेगाला ३.८५ लिटर पाणी जातं. १.३ ने गुणलं की ५ लिटर. दोन इंचीसाठी हाच गुणक २.६ आणि तीन इंचीसाठी ५.५ धरा.

पायरी २: उंची

पाण्याला वर न्यायला लागणाऱ्या ताकदीला आपण हेड म्हणतो आणि ते मीटरमध्ये मोजतो. उन्हाळ्यातली पाण्याची पातळी जमिनीपासून किती खाली आणि पाणी सोडायची जागा विहिरीच्या तोंडापेक्षा किती वर, या दोन्हींची बेरीज म्हणजे उभं हेड. आपल्या उदाहरणात पाणी १२ मीटर खाली आणि वावर ८ मीटर वर आहे, म्हणून २० मीटर.

जमिनीची उंची डोळ्याने ठरवू नका. मोबाइलमधल्या ॲपचा तर उंचीच्या बाबतीत काही मीटरांचा घोळ असतो. गवंड्याची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, दोन काठ्यांना दोन टोकं धरा आणि टप्प्याटप्प्याने पुढे जा. नळीत हवेचा एक बुडबुडा जरी अडकला तरी मोजणी चुकते, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी आणून पाणी एका रेषेत येतंय का बघा.

याच नळीत एक मोठी गोष्ट डोळ्यांसमोर असते. एका बाजूला जाड नळी जोडा, दुसऱ्या बाजूला बारीक, पाणी तरीही दोन्हींकडे एकाच पातळीला थांबतं. दाब फक्त उभ्या उंचीवर ठरतो, दहा मीटरला जवळपास एक किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो). पाइप किती जाड, त्यात एकूण किती लिटर पाणी भरलंय, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. फ्रान्समधल्या ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात हे नीट मांडलं. तरीही "मोठा पाइप टाकला तर त्यातल्या पाण्याचं वजन मोटरला ओढायला लागेल" हे वाक्य आजही पाराखाली ऐकू येतं. ते पूर्ण चूक आहे. २० मीटर उंचीचं ओझं दोन इंची पाइपात २० मीटर असतं, आणि चार इंचीतही २० मीटरच.

पायरी ३: सक्शन, म्हणजे पाणी ओढण्याची हद्द

पंप पाणी "ओढतो" असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात पंप फक्त आपल्या पोटात दाब कमी करतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर बसलेली बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. हवेची ही ताकद ठरलेली आहे. समुद्रसपाटीला ती पाण्याला फार तर १०.३ मीटर चढवते. इटलीच्या तोरिचेल्ली यांनी १६४३ मध्ये पाऱ्याच्या नळीवर हे दाखवलं. खोल विहिरीतून सक्शन पंपाने पाणी दहा मीटरच्या वर का येत नाही, हे तेव्हाचं कोडं होतं. जमीन उंच गेली की हवा विरळ होते. पुण्याच्या उंचीवर ही हद्द साधारण ९.७ मीटरवर येते आणि महाबळेश्वरला पावणेनऊच्या आसपास.

त्यातून सक्शन पाइपातलं घर्षण, फुटबॉलमधला, म्हणजे सक्शन पाइपाच्या तळाच्या झडपेतला (फुट व्हॉल्व्ह) अडथळा आणि पंपाची स्वतःची गरज वजा करा. हातात सहा मीटर उरतात. जमिनीवर बसवलेल्या मोनोब्लॉकला (मोटर आणि पंप एकत्र जोडलेला) यापेक्षा खोल पाण्यावर लावू नका. एचपी वाढवून उपयोग नाही, कारण ढकलणारी हवा तुमच्या मोटरची नसते. आपल्या उदाहरणात पाणी १२ मीटर खाली आहे, म्हणून एक तर विहिरीच्या आत टप्प्यावर पंप उतरवावा लागेल किंवा पाण्यात बुडणारा सबमर्सिबल घ्यावा लागेल. आज नव्याने घेत असाल तर मी सबमर्सिबलच सुचवेन.

हद्दीच्या काठावर चाललेला पंप आवाजावरून कळतो. आत खडे फिरल्यासारखा तडतड आवाज येतो. दाब फार खाली गेला की पाणी थंड असतानाच त्याची वाफ होते, बुडबुडे तयार होतात आणि पुढे इंपेलरमध्ये, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकात, दाब वाढला की ते फुटतात. प्रत्येक फुटणारा बुडबुडा धातूला टोचा मारतो. असा इंपेलर उघडून बघितला तर त्याच्या पात्यांवर खड्डे पडलेले दिसतात. हा आवाज आला की पंप खाली घ्या किंवा सक्शन पाइप एक नंबर मोठा करा.

मोनोब्लॉक वापरणाऱ्यांनी सक्शनचा पाइप डिलिव्हरीपेक्षा, म्हणजे पंपातून पुढे जाणाऱ्या पाइपापेक्षा मोठा ठेवावा, पंपाच्या तोंडालाच एल्बो (काटकोनी वळणाचा जोड) लावू नये आणि फुटबॉल उन्हाळ्यातल्या पातळीच्याही दोन फूट खाली राहील असा सोडावा. पाणी कमी झालं की वर भोवरा पडतो, त्यातून हवा आत जाते आणि मोटर पाणी उचलणं बंद करते.

पायरी ४: घर्षण, जिथे पैसा जातो

इथे थांबून नीट वाचा, कारण पाइपलाइनचा सगळा व्यवहार इथेच ठरतो.

घरातला नळ अगदी थोडा सोडा. धार काचेच्या काडीसारखी स्वच्छ, स्थिर दिसते. हळूहळू वाढवत न्या. एका क्षणी ती खवळते, आरपार दिसेनाशी होते. इंग्लंडमधल्या मँचेस्टरला ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची रेघ सोडून हाच बदल दाखवला. वेग कमी असताना रंगाची रेघ सरळ जाते, वेग वाढला की ती विस्कटून सगळ्या पाण्यात मिसळते. वेग, नळीचा व्यास आणि पाण्याचा चिकटपणा यांवरून त्यांनी एक आकडा काढला. तो साधारण दोन हजाराच्या खाली असला की प्रवाह शांत राहतो, चार हजाराच्या वर गेला की खवळलेला. आपल्या अडीच इंची पाइपात हा आकडा एक लाखाच्या वर जातो. म्हणजे शेताच्या मेन लाइनमधलं पाणी कायम भोवऱ्यांनी भरलेलं असतं, आणि हे भोवरे फिरवायला लागणारी ऊर्जा तुमच्या मोटरमधून येते.

हे नुकसान मोजायचं कसं? फ्रान्समध्ये डिजाँ शहराला पाणी आणून देणारे अभियंते आंरी दार्सी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नव्या-जुन्या, जाड-बारीक पाइपांवर बारकाईने मोजमापं घेतली. पुढे त्यावर आधारित सूत्रं आणि तक्ते आले. पाइप विकणाऱ्याकडे फ्रिक्शन लॉसचा तक्ता असतो, तो मागून घ्या. आपल्या ५ लिटर प्रतिसेकंदासाठी पीव्हीसी पाइपाचे आकडे मी इथे देतो. दर १०० मीटर लांबीला किती मीटर हेड घर्षणात जातं ते पाहा:

दोन इंची, म्हणजे ६३ मिलिमीटरचा: ६.५ मीटर
अडीच इंची, म्हणजे ७५ मिलिमीटरचा: २.६ मीटर
तीन इंची, म्हणजे ९० मिलिमीटरचा: १.१ मीटर

पाइपाचा जाडपणा किलोप्रमाणे, म्हणजे तो किती दाब सोसतो त्याप्रमाणे, बदलतो, त्यामुळे आतला व्यास आणि हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

वावर ५०० मीटरवर असेल तर दोन इंचीत ३३ मीटर, अडीच इंचीत १३ मीटर आणि तीन इंचीत साडेपाच मीटर जातात. चढ तर २० मीटरचाच आहे! दोन इंची पाइप टाकला तर पाणी वर चढवण्यापेक्षा ते पाइपात पुढे सरकवायलाच जास्त ताकद लागते. दुकानात दोन इंची आणि अडीच इंचीत फक्त अर्ध्या इंचाचा फरक दिसतो, पण घर्षण व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने बदलतं. व्यास निम्मा केला तर घर्षण तीसपटीच्या आसपास जातं. पाण्याच्या बाबतीत ते सुमारे दुसऱ्या घाताने वाढतं, म्हणजे त्याच पाइपातून दुप्पट पाणी न्यायचं तर घर्षण साडेतीन पटीहून जास्त. तुमचा डिस्चार्ज ५ ऐवजी अडीच लिटर असेल तर वरचे आकडे पावपटीपेक्षा किंचित जास्त धरा.

वेगावरून झटपट अंदाज घेता येतो. मेन लाइनमध्ये सेकंदाला एक ते दीड मीटर वेग ठीक असतो. दीडच्या वर गेला की एक नंबर मोठा पाइप बघा. ०.६ च्या खाली गेला तर गाळ तळाशी बसायला लागतो, म्हणून फार मोठा पाइपही नको. ५ लिटरला दोन इंचीत १.९ मीटर, अडीच इंचीत १.३ आणि तीन इंचीत ०.९ मीटर वेग येतो.

एल्बोचं भय मात्र बाळगू नका. एक एल्बो म्हणजे त्याच व्यासाच्या सुमारे ३० पट लांबीचा सरळ पाइप. अडीच इंचीत दोन मीटर पाइप झाला, त्यात पाच-सहा सेंटिमीटर हेड जातं. लोक एक वळण टाळायला बांधावरून भांडतात आणि लाइन मात्र दोन इंची टाकतात. बेंड, व्हॉल्व्ह, फुटबॉल असं सगळं धरून आपण दोन मीटर हेड जास्तीचं धरू.

इथेच एक शंका हमखास येते. नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार जोरात जाते, मग पाइप बारीक केला तर प्रेशर वाढायला नको का? अंगठ्याने तुम्ही फक्त शेवटचा एक इंच बारीक केलेला असतो. त्यामुळे एकूण पाणी कमी होतं, मागच्या सगळ्या नळीतला वेग उतरतो, तिथलं घर्षण कमी होतं आणि वाचलेला दाब अंगठ्यापाशी येऊन धारेच्या वेगात बदलतो. दाबाचं वेगात रूपांतर कसं होतं हे डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्ये मांडलं. धार लांब गेली तरी बादली भरायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, घड्याळ लावून बघा. सगळी नळीच बारीक केली तर पाणीही कमी आणि धारही मरतुकडी. स्प्रिंकलरचं नोझल बारीक असतं आणि त्यामागचा पाइप मोठा, ते याच कारणाने.

पायरी ५: आता एचपी

सूत्र असं: लिटर प्रतिसेकंद गुणिले एकूण हेड मीटरमध्ये, भागिले ७५, आणि येणाऱ्या आकड्याला पंपाच्या कार्यक्षमतेने भागायचं. कार्यक्षमता ५५ टक्के धरू, म्हणजे ०.५५.

दोन इंची: २० + ३३ + २ = ५५ मीटर. उत्तर ६.७ एचपी, म्हणून साडेसातची मोटर.
अडीच इंची: २० + १३ + २ = ३५ मीटर. उत्तर ४.२, म्हणून पाचची मोटर.
तीन इंची: साडेसत्तावीस मीटर. उत्तर ३.३.

विहीर तीच, वावर तेच, पाणी तेवढंच. दोन इंची आणि अडीच इंचीत विजेचा फरक तासाला दोन युनिटांच्या थोडा वर जातो. वर्षाला हजार तास मोटर चालली तर दोन हजार युनिटांहून जास्त. वीजबिल भरावं लागत नसेल त्यांनी दुसऱ्या बाजूने बघावं. ३५ मीटरला ५ लिटर देणारा पाच एचपीचा पंप दोन इंची लाइनला जोडला तर पाणी साडेतीन लिटरच्या आसपास येतं, आणि सव्वाअकरा तासांत भिजणारं एकर सोळा तास घेतं. सौर पंपाला तर हे आणखी लागू. तिथे पॅनेलची ताकद ठरलेली, ऊनही ठरलेलं. पाइप मोठा करणं हाच पाणी वाढवायचा हातातला उपाय. मला विचाराल तर पैसा कुठे वाचवायचा याचा विचार करताना पाइपाच्या व्यासाला हात लावू नका.

पंप घेताना नुसती एचपी बघू नका. नेमप्लेटवर हेडची रेंज आणि त्या-त्या हेडला डिस्चार्ज लिहिलेला असतो. तुमचं ३५ मीटर त्या रेंजच्या मधोमध यायला हवं. पाच एचपीचे दोन पंप सारखे नसतात. एक ६० मीटर चढवून थोडं पाणी देतो, दुसरा १५ मीटरवर पाणी ओततो.

"जास्त हेडचा घेऊन ठेवू, असावा हाताशी" हेही महागात पडतं. सेंट्रिफ्यूगल पंपाला (फिरत्या इंपेलरने पाणी फेकणाऱ्या) रेंजपेक्षा कमी हेड मिळालं की तो जास्त पाणी फेकतो, जास्त अँपिअर घेतो आणि वाइंडिंग तापतं. हे स्टार्टरवर बघता येतं. पंप चालू असताना डिलिव्हरीचा गेट व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत न्या आणि अँपिअरच्या काट्याकडे लक्ष ठेवा. बहुतेकांना वाटतं व्हॉल्व्ह आवळला की मोटरवर लोड वाढेल. काटा खाली येतो, कारण पंप उचलत असलेलं पाणी कमी झालं. व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवून पंप जास्त वेळ चालवू नका, आतलं पाणी घुसळून तापतं. आणि हे करताना हात कोरडे, पायात चप्पल, स्टार्टरला अर्थिंग, एवढं पाळाच.

पायरी ६: लाइन टाकताना हवा आणि हादरा

लाइन चढावरून जाऊन पुन्हा उतरत असेल तर चढाच्या माथ्यावर हवा साठते. ती पाइपाचा वरचा भाग अडवून बसते आणि पाण्याला उरलेल्या फटीतून जावं लागतं. प्रत्येक माथ्यावर एअर व्हॉल्व्ह बसवा. लाइन भरताना तो हवा बाहेर सोडतो, आणि लाइट गेल्यावर पाणी दोन्हीकडे उतरायला लागलं की हवा आत घेतो. तो नसेल तर माथ्याशी पोकळी तयार होते आणि पातळ पाइप बाहेरच्या हवेच्या दाबाने चेपूही शकतो.

दुसरा शत्रू हादरा. ५०० मीटर अडीच इंची पाइपात जवळजवळ दोन टन पाणी सेकंदाला १.३ मीटर वेगाने धावत असतं. व्हॉल्व्ह एकदम बंद केला की ते पाणी थांबतं कसं? व्हॉल्व्हपाशी दाब उसळतो आणि त्याची लाट मागे पंपाकडे धावते. पीव्हीसीत तिचा वेग सेकंदाला साधारण ३०० मीटर. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या लाइनवर प्रयोग करून निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९८ मध्ये याचा हिशेब मांडला: लाटेचा वेग गुणिले पाण्याचा वेग, भागिले ९.८. आपल्याकडे येतात ४० मीटर, म्हणजे ४ किलो दाब, आणि तोही आधीच्या दाबात भर घालून. आपल्या लाइनमध्ये विहिरीच्या तोंडाशी चालू दाब सुमारे २.३ किलो असतो. चार किलोचा पाइप इथे पुरणार नाही. निदान विहिरीकडची अर्धी लाइन सहा किलोची घ्या. दोन इंची टाकली असती तर विहिरीशी चालू दाबच ४.३ किलो झाला असता.

लाट पंपापर्यंत जाऊन परत यायला तीन-साडेतीन सेकंद लागतात. व्हॉल्व्ह यापेक्षा पुष्कळ सावकाश, पंधरा-वीस सेकंद घेऊन फिरवला की उसळी खूप कमी होते. एका वाफ्याचा व्हॉल्व्ह बंद करायच्या आधी दुसऱ्याचा उघडा, हा नियम घरातल्या सगळ्यांना आणि गड्यालाही सांगून ठेवा. लाइट अचानक जाते तेव्हा मात्र आपल्या हातात काही नसतं, तिथे पंपाजवळचा चांगला एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारी झडप) आणि माथ्यावरचा एअर व्हॉल्व्ह कामाला येतात.

पायरी ७: ठिबक असेल तर

ड्रिपर साधारण एक किलो दाबावर ठरलेलं पाणी देतो. म्हणून एकूण हेडमध्ये आणखी १० मीटर, आणि फिल्टर व सबमेनसाठी (मेन लाइनमधून ठिबकाच्या नळ्यांना पाणी देणारा पाइप) पाच-सहा मीटर धरा. फिल्टरच्या आधी आणि नंतर गेज लावा. स्वच्छ फिल्टरला असलेला फरक लिहून ठेवा, तो अर्ध्या किलोच्या आसपास वाढला की बॅकवॉश करा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून तो धुवा.

साध्या ड्रिपरमधून पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पडतं. लाइनच्या टोकाला दाब २० टक्के कमी असेल तर पाणी १० टक्के कमी. पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली सारख्या बाटल्या पंधरा मिनिटं ठेवा. फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर लॅटरल, म्हणजे ड्रिपर बसवलेली नळी, फार लांब झाली आहे, किंवा सबमेन बारीक आहे, किंवा ड्रिपर बुजलेत.

पायरी ८: पहिल्या दिवसाचे आकडे भिंतीवर

लाइन सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात चार आकडे घ्या: पंपाजवळच्या गेजवरचा दाब, टोकाचा डिस्चार्ज, मोटरचे अँपिअर आणि व्होल्टेज. सोबत विहिरीतली पातळी. मोटरच्या खोलीच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवा, वही हरवते.

पुढे पाणी कमी वाटलं की हेच आकडे पुन्हा घ्या. व्होल्टेज पहिल्यासारखं असेल तरच बाकीच्यांची तुलना करा. गेजवरचा दाब वाढलाय, पाणी आणि अँपिअर कमी झालेत, तर अडथळा गेजच्या पुढे आहे: अर्धवट बंद राहिलेला व्हॉल्व्ह, माथ्यावरची हवा, पाइपात शिरलेला कचरा. दाब उतरलाय, टोकाला पाणी कमी, पण अँपिअर वाढलेत, तर पंप भरपूर पाणी देतोय आणि ते वाटेत कुठे तरी जातंय. लाइनवर चालत जा, ओल शोधा. दाब, पाणी, अँपिअर तिन्ही खाली असतील तर दुखणं पंपाकडे: फुटबॉलची जाळी बुजली, सक्शन हवा घेतंय, इंपेलर झिजला. डीपीवर नुकतंच काम झालं असेल तर आधी मोटर फिरण्याची दिशा बघा. दोन फेज अदलाबदल झाले तर पंप उलटा फिरतो आणि उलटा फिरूनही थोडं पाणी देत राहतो, त्यामुळे कारण लक्षात येत नाही.

आकडे दोनदा लिहा, एकदा हिवाळ्यात आणि एकदा मे महिन्यात. मेमध्ये विहिरीतलं पाणी खाली गेल्यामुळे उभं हेड वाढतं आणि डिस्चार्ज थोडा उतरतो, तो बिघाड नसतो. यंदाच्या मेची तुलना गेल्या मेशीच करा.